पेन, चौकट आणि अप्पा

पुढच्या खोलीत दोन टेबलं, दोन संगणक आणि दोन जावा होत्या, आणि इतकी वर्षं सगळ्यांचं गुण्यागोविंदाने चाललं होतं. थोरली खोक्यांची वेष्टनं, दुकानांच्या पाट्या अशी चित्राची कामं करायची. धाकटी मोबाइल अॅपच्या स्क्रीन आखायची. दोघींचं सॉफ्टवेअर एकच होतं, म्हणून तर घरात शांतता होती. एक दिवस ते बनवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि इथलं घोडं अडलं.

शोधून शोधून पर्याय दोन उरले. त्यांची खरी नावं अप्पांच्या, म्हणजे दोघींच्या सासऱ्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी एकाला पेन म्हटलं आणि दुसऱ्याला चौकट. पेनमध्ये वळणदार रेघा आणि अक्षरं झकास उतरायची. ते थोरलीच्या मनात भरलं. चौकटीत सगळं आपोआप ओळीत बसायचं, एक बटण बदललं की त्याची सगळी भावंडं बदलायची. धाकटी तिच्यावर फिदा झाली. दोन्ही घेऊन भागणार नव्हतं, कारण एकीची फाइल दुसरीकडे उघडली की अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढून बसत.

"तुझ्या त्या चौकटीत माझा हात चालत नाही," थोरली म्हणाली. "रेघ ओढायला जावं तर ती म्हणते, आधी रांगेत उभी राहा. मी काय शाळेत आहे?"

"आणि ताई, पेनमध्ये मला एकेक बटण हाताने बदलत बसावं लागतं!"

"बसावं. बोटं झिजत नाहीत."

असं चार दिवस चाललं, आणि पाचव्या दिवशी थोरली अगदी शांतपणे म्हणाली, "घ्या चौकट. मी काम सोडते. पुन्हा पहिलीत बसायचं वय राहिलं नाही माझं. तू एकटी सांभाळशील."

धाकटीला चौकट हवी होती, पण थोरलीशिवायची नको होती. रस्त्याने जाताना नुसती पाटी पाहून थोरली सांगायची, की रंगाऱ्याला शेवटच्या दोन अक्षरांना जागा कमी पडलेली आहे. अशी नजर धाकटीने दुसऱ्या कुणाची पाहिली नव्हती. पण हे तिने थोरलीला कधी सांगितलं नव्हतं. जावाजावांत असलं कोण बोलतं?

तोडगा अप्पांनी काढला. "दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम आलंय ना, भेटीची वेळ ठरवायच्या अॅपचं? दोघी एकेक नमुना करा. थोरलीने पेनमध्ये, धाकटीने चौकटीत. कुठला कुणाचा ते बाईंना सांगायचं नाही. त्यांना आवडेल त्याचं सॉफ्टवेअर घ्यायचं. गुरुवारनंतर फाइलला हात लावायचा नाही. मी पंच."

पंचांना नजर ठेवता यावी म्हणून त्यांना दोन्हीकडे एकाच ईमेलने खातं उघडून दिलं. पासवर्ड विसरायची त्यांना सवय होती, म्हणून त्यांनी तो ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवला. इतकी कडक व्यवस्था केल्यावर ते निर्धास्त झाले.

शुक्रवारी जेवणं आटोपली. डोकं दुखतंय म्हणून थोरली लॅपटॉप घेऊन आपल्या खोलीत गेली. डोकं दुखत असताना लॅपटॉप कशाला, हे विचारायचं धाकटीला सुचलं नाही, कारण तिचं लक्ष भिंतीवरच्या पासवर्डकडे होतं. फक्त बघायचं, हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावून तिने अप्पांच्या नावाने पेनमध्ये थोरलीची फाइल उघडली, आणि बघतच राहिली.

पांढऱ्याशुभ्र जागेत वर एकच प्रश्न होता, 'कुठे दुखतंय?', आणि खाली दातांचा अख्खा जबडा. दुखऱ्या दातावर बोट ठेवायचं, झालं. ना अर्ज, ना चौकश्या. ठणकणाऱ्या माणसाला दुसरं काय विचारायचं? स्वतःच्या नमुन्यात धाकटीने नाव, वय, तारीख, वेळ असं सगळं ओळीने मांडलं होतं. शिस्त होती, पण ती पाहून धडधाकट माणसाचाही दात दुखू लागला असता.

फक्त एक गोची होती. थोरलीने जबडा मोठ्या स्क्रीनवर काढला होता. मोबाइलवर प्रत्येक दात तांदळाएवढा दिसला असता. दाढ दाखवायला गेलेला माणूस एका बोटाने तीन दात दाखवून बसला असता. डॉक्टरीणबाईंच्या हे लक्षात येणार, थोरली हरणार, आणि सोमवारी शेजारचं टेबल रिकामं दिसणार.

"एवढं एकच," असं म्हणून धाकटीने दात मोठे केले. ते मावेनात, म्हणून वरचा जबडा वेगळा आणि खालचा वेगळा केला. मग प्रश्न मध्येच लटकला, म्हणून तो हलवला. मग बटण अंगठ्याच्या टप्प्यात आणलं. हे करता करता हिरडीची रेघ थोडी ओढावी लागली, आणि ती अशी लोण्यासारखी वळली, की धाकटीने ती उगाचच आणखी दोनदा ओढून पाहिली. काय सॉफ्टवेअर होतं! आपण उगीचच नावं ठेवली याला.

इतक्यात कोपऱ्यात सूचना आली: या ईमेलचं खातं दुसरीकडेही चालू आहे.

अप्पा जागे झाले? धाकटीने कान दिले. आतून त्यांचं घोरणं नेहमीच्या तालात ऐकू येत होतं. मोबाइल उशाशी घेऊन झोपतात, हात लागला असेल, असं ठरवून तिने काम पुरं केलं.

शनिवारी डॉक्टरीणबाई आल्या. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घालून आपल्या मोबाइलवर स्वतः दोन्ही नमुने उघडून दिले. आपला नमुना पाहून धाकटी खुर्चीतून अर्धी उठली. राखाडी जाऊन तिथे उबदार पिवळा आला होता, अक्षरं ऐसपैस बसली होती, 'वय' गायब होतं, आणि 'तारीख निवडा'च्या जागी 'कधी येताय?' असं लिहिलं होतं. किती छान दिसत होतं ते! शेजारी थोरलीही आपल्या दुभंगलेल्या जबड्याकडे आ वासून बघत होती. पण हात कुणी लावला हे विचारायचं, तर आपण काय केलं हेही सांगावं लागणार.

"मला निवडताच येत नाहीये," बाई म्हणाल्या. "दोन्ही एकाच माणसाने केल्यासारखे वाटतात. हे घड्याळाचं चिन्ह कसलं?" आणि त्यांनी ते दोन्हीकडे दाबलं.

कोणता बदल कुणी केला, त्याची जंत्री उघडली. दात मोठे केले: अप्पा. जबडा वेगळा केला: अप्पा. दुसऱ्या नमुन्यात रंग बदलला: अप्पा. अक्षरं बदलली: अप्पा.

"म्हणजे खरं काम तुमचं आहे, काका!" बाई थक्क झाल्या. "या वयात! दोन-दोन सॉफ्टवेअर!"

अप्पांनी जन्मभर टपालावर शिक्के मारले होते. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, बाईंच्या डोळ्यांतलं कौतुक पाहिलं, आणि तोंडातून वेगळंच बाहेर पडलं. "हात चालता ठेवावा माणसाने."

"मग काम तुम्हीच करायचं. कशात करणार?"

"मला दोन्ही सारखीच येतात," अप्पा म्हणाले, आणि यात खोटं काहीच नव्हतं.

बाई काम पक्कं करून गेल्या. अप्पा त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले.

"जबडा तू तोडलास?" थोरलीने विचारलं.

"हो. आणि माझं राखाडी?"

"बघवेना मला. तू हरशील असं वाटलं." थोरलीने पदराला उगीचच चुण्या घातल्या. "पण तुझी ती मांडणी, बाई! कशालाही, कुठेही हात लावा, बिघडत म्हणून नाही. मला आयुष्यात अशी आखणी जमली नसती. आपण चौकटच घेऊ."

"अजिबात नाही, पेन घ्यायचं! ती रेघ काय वळते, ताई! आणि वळवावी तुम्हीच."

"मी थोरली आहे. चौकट."

"मी तीन दिवस भांडेन. पेन!"

आवाज चढले, मागच्या भांडणापेक्षाही जास्त. धाकटीला एकदम आठवलं आणि ती मध्येच थांबली. "पण ताई, चौकट आली तर तुम्ही काम सोडणार होतात."

"सोडून कसं चालेल?" थोरली खेकसली. "निम्मीच शिकले आहे ती. उरलेली कोण शिकवणार, तुझा नवरा?" आणि आपली खुर्ची ओढत ती धाकटीच्या टेबलाशी येऊन बसली. धाकटीने सरकून तिच्यासाठी जागा केली.

तेवढ्यात दोघींच्या मध्ये तिसरी खुर्ची घुसली.

"बाईंचा फोन होता. सोमवारी त्या माझं काम बघायला येणार आहेत," अप्पा घाम पुसत म्हणाले. "ते पेन-चौकट नंतर ठरवा. आधी मला माउस कसा धरायचा ते दाखवा."