आबांचं इंजिन मी दुरुस्त केलं

कुंडल आणि आसपासच्या दहा गावांत विहिरीवरची जी मोटर माझ्या हाताखालून गेलेली नाही, ती मोटरच नव्हे! हे मी म्हणत नाही, माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय. पाटी मीच रंगवून घेतली, ही गोष्ट वेगळी.

बावीस वर्षं मी मोटरींचं वायंडिंग करतोय. जळालेली मोटर आणा, जुनी तार कापून काढतो, नवी भरतो, वार्निश मारतो, की पुढची दहा वर्षं उसाला पाणी! त्यामुळे बायकोने, म्हणजे अंजनाने, ट्रंकेच्या तळातून ते खेळण्यातलं आगगाडीचं इंजिन काढलं तेव्हा मला हसूच आलं. वीतभर लांबी, हिरवा पत्रा, पितळी भोंगा. माझे सासरे सुभेदार नाथाजी आबा फौजेत असताना एका बदली झालेल्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी ते घेतलं होतं. लेकीसाठी. लग्नात ते लेकीबरोबर आमच्या घरी आलं, आणि आलं तेव्हापासून बंद.

आता कोरेगावला आबांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. रूळ आणि ट्रान्सफॉर्मर आबांकडे होतेच.

"आवं, ह्येवढं वरनं पुसून द्या," अंजना म्हणाली. "इंजिन घेऊन जाणार हाय मी आबांकडं."

"बंद इंजिन नेतीस? चालू करून देतो की!"

"नगं! नुसतं पुसा. आत हात घालू नका."

आता मला सांगा, हलवायाला कुणी म्हणालं की परात पुस पण जिलबी करू नको, तर त्याचा हात राहील का?

दुकानात नेऊन मी इंजिन उघडलं. आत अंगठ्याएवढी मोटर! तपासणीचा बल्ब लावला. पेटला नाही. म्हणजे तार आत कुठेतरी तुटली. म्हणजे वायंडिंग गेलं! आमच्याकडे येणारी प्रत्येक मोटर जळालेलीच असते, त्यामुळे दुसरा विचार माझ्या डोक्याला शिवतच नाही. घेतली कात्री आणि कापली.

कापल्यावर तांबं चमकलं. नव्यासारखं! जळाल्याची खूण कुठेच नाही. मग लक्षात आलं, फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन कार्बन असतात, त्यांतला एक जागेवर नव्हताच. विहिरीच्या मोटरीला कार्बन नसतो, म्हणून मी तिकडे पाहिलंच नव्हतं. पण आता तार कापली होती, आणि कापलेली तार चिकटत नाही.

असो! माणूस हुशार असला की चूकसुद्धा निस्तरतो. वायंडिंगचा पहिला नियम असा की जुन्या तारेचे वेढे मोजून घ्यायचे. तेवढेच नवे भरायचे. मी मोजायला बसलो. तार केसासारखी बारीक. एकशे पस्तीस, एकशे छत्तीस, एकशे सदतीस... आणि फोन वाजला. रंगूबाई!

"आरं गुंडा, माजी मोटर कवा देतूस?"

"काम चालू आहे, मावशी. उद्या देतो."

"दोन दिस म्हनला हुतास, आज आठ झालं! कॅनॉलचं पानी बारा तारखेला बंद हुतंय. सव्वा एकरातली उसाची लागण वाळली तर तुझ्या दारात आणून टाकीन!"

फोन ठेवला. एकशे सदतीस होते की एकशे त्र्याहत्तर? की नव्वद झाल्यावर मी पुन्हा एकपासून सुरू केलं होतं? कापलेली तार तोवर टेबलाखाली भुसकटासारखी पसरली होती. मी मनाशी म्हणालो, गुंडा, बावीस वर्षांचा अनुभव कशासाठी असतो? आणि अंदाजाने नव्वद वेढे भरले. मिक्सरचा कार्बन कानशीने घासून त्या रिकाम्या जागी बसवला. चार्जरवर लावल्याबरोबर चाकं अशी भुर्रकन फिरली की मीच टाळ्या वाजवल्या! जुनी तार दुपारी भंगारवाला घेऊन गेला.

अंजनाला काही सांगितलं नाही. म्हटलं, एकदम सगळ्यांसमोर चकित करू!

कोरेगावला अंगणात मांडव. एक्याऐंशी दिवे ताटांत लावलेले. आबा चौरंगावर, छातीवर पदकं. समोरच्या टेबलावर मी रूळ मांडले, इंजिन ठेवलं. अंजनाचं तोंड उतरलं.

"आत हात घातला व्हय?" तिने हळूच विचारलं.

"बघच तू!" मी म्हणालो, आणि मोठ्याने जाहीर केलं, "आबा, बावीस वर्षं बंद असलेलं इंजिन तुमच्या जावयाने चालू केलंय!"

आबांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला होता, तो तिथेच थांबला. मला वाटलं, बक्षीस काढतायत.

मी बटण दाबलं.

वेढे कमी भरले की मोटर जास्त पळते, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. इंजिन पहिल्या वळणापर्यंत रुळावर होतं. वळण त्याने घेतलंच नाही! ते टेबलावरून सुटलं, औक्षणाच्या ताटातले सात दिवे विझवून अंजनाच्या धोंडुबाई आत्याच्या ओच्यात जाऊन बसलं आणि वीज तुटली तरी आधीच्या जोरावर तिथे चाकं गरगर फिरवत राहिलं.

"आगं आयायायाय! उंदीर! उंदीर शिरला!" आत्या उठली, पाट उडाला, बासुंदीचं पातेलं कलंडलं. आबांचे दोन जुने सोबती, निवृत्त हवालदार, सवयीने जमिनीवर आडवे झाले. ते उठले तेव्हा त्यांच्या फेट्यांतून बासुंदी गळत होती. आत्याने पदर झटकला, इंजिन फरशीवर आपटलं. जळक्या वार्निशचा वास सुटला आणि चाकं थांबली.

मांडव हसून लोटपोट. मीही हसलो. मग आबांकडे पाहिलं.

आबा हसत नव्हते. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि उलगडली. आत तांदळाएवढा काळा तुकडा. कार्बन!

"अंजना झाल्यावर पयल्या सुट्टीला घरी आलो," आबा म्हणाले, "तर पोर मला बघून आत पळाली. वळखलंच न्हाई. म्हनून म्होरल्या खेपेला ह्ये इंजिन आणलं. सुट्टी संपली की ह्यो कार्बन काढून संगं न्यायचो. इंजिन बंद. मग पोर सगळ्यास्नी सांगायची, आबा आलं की चालू हुतंय. तेवढंच कुणीतरी वाट बघायचं."

"मग लग्नात..." मी अडखळलो.

"तवाबी काढला. म्हनलं, कवातरी इंजिन घिऊन यील, बसंल चार दिस." ते लेकीकडे वळले. "आज आणलंस."

"मला म्हाईत हुतं, आबा," अंजना म्हणाली. "तिसरीत असताना तुमाला काढताना बघितलं हुतं मी."

"मग बोलली न्हाईस कवा?"

"बोलले असते तर तुमी काढायचं सोडलं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दर दिवाळीला आणायचं म्हणायची. पण हितं आल्यावर च्या पिऊन हुईस्तवर भाईर ह्यांचा हॉर्न."

खरं होतं ते. बावीस वर्षं मी दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवलाय. दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, ऊस आहे, चला! तिला माहेरी चार दिवस काही मी राहू दिलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाने इतकी वर्षं एक तांदळाएवढा तुकडा खिशात सांभाळला, आणि त्याची जागा मी मिक्सरच्या कार्बनने भरून टाकली होती.

"जुनी तार हाय न्हवं?" आबांनी विचारलं. "परत भरू."

"भंगारात गेली, आबा."

"वेढं किती हुतं?"

मी वाकून बासुंदीचं पातेलं सरळ करू लागलो.

आता दर रविवारी आम्ही कोरेगावला जातो. आबा भिंग लावून वेढे मोजतात, अंजना तार गुंडाळते. चुकतं, सोडतात, पुन्हा गुंडाळतात. मला हात लावू देत नाहीत. एकदा म्हणालो, "मी सांगू का?" दोघांनी असं पाहिलं की मी बाहेर जाऊन शेजाऱ्याच्या म्हशीशी बोलत बसलो.

गेल्या खेपेला पाच वाजता गाडीत बसलो. हात हॉर्नवर गेला आणि मी तो काढून मांडीखाली दाबून ठेवला. सहा वाजले. साडेसहा वाजले. शेवटी काठी टेकत आबाच बाहेर आले.

"जावईबापू, अंजना चार दिस ऱ्हाणार हाय. तुमी व्हा म्होरं."

त्याला आज सहा दिवस झाले. रोज फोन करतो. आबा म्हणतात, "काम चालू हाय."

हे उत्तर मी स्वतः बावीस वर्षं गिऱ्हाइकांना देत आलोय. त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको!