उडाणराव मास्तर आणि डावीकडची म्हैस

एका जंगलात, पोरांनो, एक कांगारू होता. उडाणराव त्याचं नाव. तरणा होता तेव्हा मोठ्या जंगलाच्या संघात लांबट चेंडूचा खेळ खेळायचा. पुढं गुडघा गेला, नाव गेलं, उरली ती बढाई. ती घेऊन तो आडरानातल्या एका संघाचा मास्तर झाला.

संघ कसला, नुसती खोगीरभरती! साळिंदरानं चेंडू छातीशी धरला की फुस्स. कासव धावायला निघे तोवर खेळ संपे. सोनकी म्हैस लाथ मारी जोरात, पण चेंडू जाई डावीकडं. मग बिचारी लाजून डबक्यात जाऊन बसे, ती सामना संपेतो.

यंदा हरले तर संघ मोडायचा आणि सगळ्यांनी तरसांच्या संघाला पाणी वाहायचं, असं ठरलं होतं.

उडाणराव रोज शिकवी. म्हणजे बोले.

"आमच्या वेळी मी असा उडायचो, की ढगाला डोकं लागायचं!"

"मास्तर, तुमचं डोकं राहू द्या," सोनकी म्हणाली. "मैदानाच्या टोकाला खांब चार कशाला, ते सांगा."

"मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एक."

"बाजूनं म्हणजे चुकूनच ना?"

"चुकूनच."

"आणि चुकलं तरी एक देतात?"

"देतात बाई. नियमच आहे तसा."

सोनकीचं रवंथ थांबलं. "अगं बाई! मग मी लाजते कशाला?"

सामन्यात तरसांनी सहा वेळा मधून मारला. झाले छत्तीस. लागले नाचायला.

इकडं सोनकीनं मारला, डावीकडच्या फटीतून. एक गुण. परत मारला, परत डावीकडं. साळिंदर तिच्याभोवती काटे फुलवून फिरे, म्हणून तरस जवळ येईनात.

उडाणराव कपाळ बडवत ओरडला, "अगं, मधून मार! मधून!"

"गप बसा हो मास्तर, पाय बसलाय माझा!"

ती सदतिसाव्यांदा चुकली आणि शिट्टी वाजली. एका गुणानं संघ वाचला!

हार पडला तो उडाणरावाच्या गळ्यात. मोठ्या जंगलानं त्याला मानानं भाषणाला बोलावलं. विषय काय, तर 'अचूक नेम कसा साधावा'. मेला दोन तास बोलला.

तात्पर्य: चुकायचंच तर पोरांनो, एकाच जागी चुकावं, आणि न लाजता चुकावं. पुढं लोक त्याला कसब म्हणतात. आणि 'असं करू नको' म्हणून जो ओरडत होता, त्याला गुरू म्हणतात.