दहा वाजता झाकायचा दिवा

बिसेनभाऊंच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात मेलेले किडे असत. खालच्यात पोळी-भाजी. हे मला नोकरीच्या तिसऱ्या दिवशी कळलं, कारण लोणचं आहे का ते पाहायला मी चुकीचं झाकण उघडलं.

"घाबरू नका जी मॅडम," ते म्हणाले, "मेलेले हायेत. जेवन खालच्यात हाये."

मग तो कप्पा त्यांनी कोऱ्या कागदावर ओतला आणि आगपेटीच्या काडीनं दोन ढीग करायला बसले. एक ढीग पिकाच्या शत्रूंचा, एक मित्रांचा. मित्रांचा ढीग मोठा निघाला की त्या दिवशी पोळी तशीच परत जायची.

आमचं दुकान गोंदियाला. सौर दिवे, सौर कुंपण, बिनधुराच्या चुली आणि सौर कीटक सापळे. कुठला माल कुठल्या गाडीत, कुठली गाडी कुठल्या गावाला, हे सगळं मी पाहते. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची यादी असते. बिसेनभाऊ प्रात्यक्षिकवाले. गावोगावी वस्तू चालवून दाखवायची आणि गिऱ्हाईक आणायचं, एवढंच काम. पैकी चालवून दाखवणं त्यांना उत्तम जमे.

सापळा म्हणजे धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, उभा करायचा खांब. वर निळा दिवा, खाली साबणपाण्याचं घमेलं. अंधार पडला की दिवा आपोआप लागतो, खोडकिड्याचे पतंग त्याच्यावर झेपावतात आणि पाण्यात पडतात. विषारी औषधाची फवारणी कमी होते. ही चांगली बाजू, आणि ती खरी आहे.

बिसेनभाऊ मात्र तिथून सुरुवात करत नसत. "पहिले खराब सांगतो," हे त्यांचं पालुपद. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले तिथेही मुलीच्या बापाला म्हणाले, "पहिले खराब सांगतो, पोरगा घोरते." सोयरीक मोडली. पुतण्यानं बोलणं टाकलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे घरात ऐकून घ्यायलाही कुणी उरलं नाही.

सापळ्याचं खराब ते असं. शेतीशाळेत त्यांनी शिकून घेतलं होतं की शत्रूकिडे संध्याकाळी जास्त येतात आणि रात्र वाढली की मित्र येऊ लागतात. तुडतुड्यांची अंडी खाणारे हिरवे ढेकूण, ढालकिडे, भुंगेरे. म्हणजे दहाच्या सुमाराला दिवा विझायला हवा. जुन्या सापळ्यात तशी सोय होती. नव्या सापळ्यातून कंपनीनं ती काढली आणि खोक्यावर छापलं, 'रात्रभर चालणारा'. लोकांना जास्त चालणारी वस्तू आवडते.

पत्रकं मी छापून घेतली होती. 'निसर्गाचा मित्र. फक्त शत्रूकीड मारतो.' गठ्ठा आला त्या दुपारी बिसेनभाऊ बॉलपेन घेऊन बसले आणि प्रत्येक पत्रकावरचं 'फक्त' खोडू लागले. मी थांबवलं तोवर अर्धा गठ्ठा झाला होता.

"बिसेनजी," आमचे शेठ म्हणाले, "आप माल बेच रहे हो या श्रद्धांजली दे रहे हो?"

"मी इकून नाही राहिलो शेठजी, सांगून राहिलो."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे हा माणूस आता माझ्या यादीत आला. मी बिसेनभाऊंना समोर बसवून सांगितलं की पत्रकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं, पुढे काही बोलायचं नाही. लोकांनी सापळा घेतला तर विष कमी फवारलं जाईल, हे तुम्हालाही हवंच आहे ना?

"हवं हाये," ते म्हणाले. "पन थे वाक्य खोटं हाये ना मॅडम."

त्या पावसाळ्यात आम्ही चिचगडला गेलो. शेतकरी जमले होते. बिसेनभाऊंनी आदल्या रात्री लावलेल्या सापळ्याच्या घमेल्यातले किडे पांढऱ्या ताटलीत काढले, दोन ढीग केले आणि म्हणाले, "पहिले खराब सांगतो. हे तुमचे शत्रू, हे तुमचे मित्र. दोन्ही मेले. दहा वाजले का दिव्यावर टोपली झाका, त मित्र वाचते."

"दहा वाजता बांधीत कोन जाते बाप्पा?" एक जण म्हणाला. "तूच येजो झाकाले!"

"हा दिवा इकून राहिला का रडून राहिला?" दुसरा म्हणाला. सगळे हसले.

सखाराम मडावी नावाचा शेतकरी हसला नाही. त्यानं दोन्ही ढीग नीट पाहिले. "मित्रही मारते, अन् वरून पहाराही द्या. मंग आपली फवारनीच बरी," असं म्हणून तो उठला. त्याच्यामागून बाकीचेही उठले. सगळी खोकी परत आली.

पंधरा-वीस दिवसांनी बातमी आली की सखारामची बायको यमुनाबाई फवारणीचं औषध कालवताना ते अंगावर सांडून बेशुद्ध पडली आणि तिला गोंदियाच्या दवाखान्यात आणलंय. मी फळं घेऊन गेले. वॉर्डातली नर्स म्हणाली, "रोज येतात ना तिचे भाऊ. बाहेरच बसतात, आत नाही येत." बाहेरच्या बाकावर बिसेनभाऊ बसले होते. मांडीवर नारळपाण्याची बाटली. यमुनाबाईला सख्खा भाऊ नव्हता.

ती वाचली. उजव्या हाताचा कंप मात्र राहिला.

ती घरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बिसेनभाऊ माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "मॅडम, थे वाक्य काय होतं? फक्तवालं."

मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा माझ्यासमोर म्हणून दाखवलं, शाळेतल्या कवितेसारखं. तेव्हापासून त्यांच्या डब्यात किडे दिसले नाहीत. शेठ खूश झाले. मीही माझ्या यादीतलं नाव खोडलं.

पुढच्या खरिपात आम्ही पुन्हा चिचगडला गेलो. जीपमध्ये त्यांचे ओठ हलत होते. तिथं ते उभे राहिले, समोर बसलेल्या सखारामकडे पाहिलं आणि न अडखळता म्हणाले, "हा निसर्गाचा मित्र हाये. फक्त शत्रूकीड मारते." ताटली काढली नाही, ढीग केले नाहीत. कुणी हसलं नाही. अर्ध्या तासात सगळी खोकी संपली आणि आणखी नावं मला लिहून घ्यावी लागली.

सखारामनं आम्हाला घरी चहाला नेलं. यमुनाबाईनं डाव्या हातानं उजवं मनगट धरून बिसेनभाऊंपुढे कप ठेवला. सांडू न देता. मग म्हणाली, "भाऊ, मागच्या वर्षी असंच काऊन नाही सांगितलं जी?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भावाला विचारावं तसं विचारलं होतं.

"चुकलं बाई," बिसेनभाऊ म्हणाले. मग घाईघाईनं सखारामकडे वळले. "एक सांगाचं राहिलं. दहा वाजले का दिव्यावर टोपली झाकजा. नाही त बॅटरी फुगते."

मी दचकले. असं काही कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सखारामनं खोकं ओढून घेतलं आणि छापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "रात्रभर चालणारा, लिवलं हाये ना. मंग कायले झाकाचं?" तो हसला. "भाऊ, आता आमाले बनवू नका जी." मग माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमी सांगा. फुगते का बॅटरी?"

बिसेनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याजवळ काही मागितलं नव्हतं.

हातात नव्या गिऱ्हाइकांच्या नावांचा कागद होता. बॅटरी फुगते असं एकदा गावात पसरलं की त्यातलं एकही नाव टिकणार नव्हतं, आणि ते सगळे पुन्हा औषध कालवायला बसणार होते.

"नाही," मी म्हणाले. "काही होत नाही. चालू द्या रात्रभर."

मी बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं.

बिसेनभाऊंनी मान हलवली. मग यमुनाबाईला म्हणाले, "चहा मस्त झाला, बाई."

कपाला त्यांनी अजून तोंडही लावलं नव्हतं.