गुणवंतभाऊंचे थांबे

चांदूर बाजारहून अमरावतीला जायला तासभर लागतो. गुणवंतभाऊंच्या टेम्पोला तीन तास लागतात, आणि याला कारण मी आहे. यातलं शेवटचं मी गेल्या दसऱ्यापर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

गुणवंतभाऊ आमचे गावाकडचे शेजारी. झेंडू, शेवंती, निशिगंध लावतात आणि स्वतःच्या टेम्पोतून अमरावतीच्या बाजारात नेतात. वाटेत दर थोड्या अंतरावर ते गाडी कडेला घेतात, खाली उतरतात आणि बॉनेटवर तळहात ठेवतात, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. गाडीत तापमानाचा काटा आहे. तो चालतोही. पण भाऊंचा त्याच्यावर विश्वास नाही. "काट्याले का ताप येते? त्याले काय समजते?" मग इंजिनाला सांगतात, "बस लेका. घाई कोनाले हाय?" आणि स्वतः जाऊन निंबाखाली बसतात.

थांबे ठरलेले आहेत. पहिला हातपंपाजवळच्या निंबाखाली, दुसरा चहाच्या टपरीवर, तिसरा संत्र्याच्या एका बगीच्याच्या फाटकाशी. पुढचेही असेच. बाजूने मोटरसायकली, जीपगाड्या, उसाच्या रसाचे गाडेसुद्धा पुढे जातात. जाणारा कोणी विचारतो, भाऊ, फुलं नेऊन राह्यले का बियानं? अमरावतीले पोचेपर्यंत झेंडू बियाले येईन. भाऊंना राग येत नाही. राग आला की हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तडकतं, असं त्यांचं मत आहे.

हे मत ते माणसांनाही लावतात. एका लग्नात वरण पातळ झालं म्हणून नवऱ्याकडचे एक मामा भडकले. भाऊंनी पुढे होऊन त्यांच्या कपाळावर तळहात टेकवला आणि शांतपणे म्हणाले, "बसा जी जरासक. नाही तं हेड तडकन." मामा इतके गोंधळले की खरोखरच बसले, आणि तेच पातळ वरण दोनदा मागून जेवले.

हा माणूस एकेकाळी या रस्त्यावरचा सर्वांत वेगवान ड्रायव्हर होता, हे आता सांगून कोणाला पटत नाही. फूल म्हणजे श्वास धरलेला माल, असं तेव्हा ते म्हणायचे. उशीर झाला की मेला.

तेव्हाची, नवरात्रातली सकाळ. अमरावतीला माझी मास्तरकीची मुलाखत होती. भाऊंनी मला झेंडूच्या पोत्यांसोबत गाडीत घेतलं. अर्ध्या वाटेवर काटा चढला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. भाऊंनी गाडी थांबवली आणि ओळखीच्या बगीच्यात चहाला निघाले. जाताना मला बजावलं की हात लावजो नोको. तापलेलं इंजिन अन् तापलेला बाप, दोघाइलेबी जरा येकटं सोडाव.

मी सोडलं नाही. घड्याळ पाहून माझाच जीव वर-खाली होत होता. शेजारी विहीर होती, गाडीत बादली होती. खांद्यावरच्या दुपट्ट्याने रेडिएटरचं झाकण उघडलं, वाफ जाऊ दिली आणि विहिरीचं गार पाणी भडाभडा ओतलं. आतून 'टक्' असा आवाज आला. सुपारी फोडल्यासारखा, अगदी बारीक. मी झाकण लावलं आणि बादली जागेवर ठेवली.

भाऊ आले, बॉनेटला हात लावून खूश झाले. थोडं अंतर गेलो आणि मागून पांढरा धूर निघायला लागला. ऑइल पाहिलं तर त्यात पाणी शिरून ते दुधाच्या चहासारखं झालेलं. पोती उन्हात, बाजार पुढे, आणि भाऊंनी पहिलं काम काय केलं? येणाऱ्या जीपला हात दाखवून मला तीत बसवलं. "तू जाय. तुही मुलाखत चुकन."

मला नोकरी लागली. भाऊंचा झेंडू रस्त्यावरच वाळला.

पुढे ते इंजिनाचं हेड खोलून अकोल्याच्या एका मिस्त्रीकडे न्यायचं ठरलं. ओझं होतं म्हणून मी सोबत गेलो. एसटीत कंडक्टरने गोणपाटात काय आहे म्हणून विचारलं. "पेशंट हाय," भाऊ म्हणाले. कंडक्टर म्हणाला, मग अर्धं तिकीट पडेल.

मिस्त्रीने हेड पुसलं, उजेडात धरलं आणि नखाने केसाएवढी भेग दाखवली. वेल्डिंग करता येईल, पण टिकणार नाही, दुसरंच बसवा, असं त्याचं म्हणणं. मग त्याने विचारलं, "गरम इंजिनात कोनी थंड पानी तं नाही टाकलं?"

"माह्या गाडीले माह्याबिगर कोनी हात लावत नाही," भाऊ म्हणाले. "मीच लय पळवली. माहीच चूक."

मी बाजूला उभा होतो. गोणपाटाची घडी घालत होतो. खूप नीट घातली.

दुसरं हेड बसलं, गाडी सुरू झाली, आणि त्या दिवसापासून भाऊंचे थांबे सुरू झाले. तडकलेलं हेड त्यांनी भंगारात दिलं नाही. अंगणात ठेवलं. दर दसऱ्याला विळा, फवारणीचा पंप, टेम्पो यांच्यासोबत त्याचीही पूजा होते. त्याला झेंडू वाहून भाऊ हात जोडतात, "माफ करजो बापा, म्या तुले लय पळवलं." वीसेक वर्षं मी आपट्याची पानं हातात घेऊन हे पाहत आलो. गावाला तो दर वर्षीचा विनोद होता. मीही हसत होतो.

गेल्या दसऱ्याला हसू आलं नाही. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"भाऊ, ते तुमच्यानं नाही, माह्यानं तडकलं," मी म्हणालो. "तुमी चहाले गेलते तवा म्या बादलीभर पानी ओतलं."

 भाऊंनी हातातला झेंडू माझ्या हातावर ठेवला. "मंग हे घे. आज तू वाह्य. इतके वरस तुह्या बदली मीच वाहून राह्यलो."

मी वाहिला. हात जोडले.

"पन हे कोनाले सांगजो नोको," ते म्हणाले. मला वाटलं, माझी लाज राखतायत. तसं नव्हतं. "लोकाइले समजलं, तं म्हनतीन बुढा आता कायले थांबते? मले थांबाले कारन लागते न, मास्तर. तुही वहिनी गेल्यापासून घरात कोन बोलते माह्यासंग? टपरीवाला बोलते, बगीच्यावाला बोलते. इंजिन थंड होयेपर्यंत तं बोलते."

म्हणून गुणवंतभाऊ हे नाव खरं नाही. रस्ताही तोच आहे असं समजू नका. थांबे मात्र आहेत.

आम्ही सोनं दिलं-घेतलं. निघताना ते म्हणाले, "त्या दिवशी तुले घाई होती. आता येकडाव चाल माह्यासंग, सारे थांबे घेत." मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी अकोल्याला, नोकरीच्या गावी, परत निघालो. वाटेत निंबाखाली टेम्पो उभा दिसला. भाऊंचा तळहात बॉनेटवर होता आणि हातपंपावरची एक बाई त्यांच्याकडे पाहून हसत काहीतरी बोलत होती. मी खिडकीतून हात हलवला. एसटी पुढे गेली.

त्यानंतर माझं गावाकडे दोनदा जाणं झालं. टेम्पोतली ती एक खेप मी त्यांना अजून देणं लागतो.