याच्या खाली काय निघते?

ताजमहालासमोर उभं राहिल्यावर कोणी गप्प होतं, कोणी बायकोचा हात धरतं. आमच्या दसरूभाऊंनी गाईडला विचारलं, "हे सारं ठीक हाय. पण याच्या खाली काय निघते?"

"नीचे कब्रें हैं, बाबा."

"ते सोडून. लोखंड? कोळसा?"

"कुछ नहीं."

दसरूभाऊंनी मान हलवली. "म्हणूनच राह्यला उभा," म्हणाले आणि वळले.

मी शकील. आरमोरीत माझी ट्रॅव्हल्सची गाडी आहे. धान कापून झालं, की लोकांना भारत दाखवायला नेतो. दसरूभाऊ माझे शेजारी. मूळचे आत जंगलातल्या गावचे, म्हातारपणी मास्तर मुलाकडे राहायला आलेले. मुलानं एकदा हौसेनं त्यांना माझ्या गाडीत बसवलं. तेव्हापासून माझी एकही फेरी त्यांच्याशिवाय सुटली नाही.

प्रश्न मात्र एकच. हंपीच्या दगडी रथापाशी तोच. खजुराहोला बाकीची मंडळी भिंतींकडे चोरून बघत होती, तर हे जमिनीकडे. कन्याकुमारीला कोणीतरी सांगितलं, समुद्राच्या तळातूनही तेल काढतात. "मंग याचंही काई खरं नाई," म्हणत ते गाडीत जाऊन बसले. सूर्यास्त त्यांनी पाहिलाच नाही.

लोक वैतागत. एकदा कोरपन्याच्या एक बाई उसळल्या, "आमच्या वावराखाली सिमेंटचा दगड निघते. म्हणून काय गाव सोडून जावं काय आमी?"

"जावंच लागते, बाई. थोडं थांबा."

बाई घर येईपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मला कधी राग आला नाही, कारण त्यांची डोंगरी मी पाहिली होती. तिच्या पायथ्याच्या बाजारात माझे अब्बा मीठ आणि कापड विकत. मी त्यांच्यासोबत जायचो. गोंडी मी तिथंच शिकलो. डोंगरीच्या माथ्यावर दसरूभाऊंच्या लोकांचा देव. ना देऊळ, ना कळस, नुसते झाडाखालचे दगड. जत्रेला आसपासची सगळी गावं ढोल घेऊन चढायची.

मग डोंगरीच्या पोटात लोखंड निघालं. माथ्यापासून ती कापत आणली. आता तिथं लाल खड्डा आहे. तिचं नाव कुठल्या पुस्तकात नव्हतं, तिला तिकीट नव्हतं, म्हणून ती गेली तेव्हा कोणी हळहळलंही नाही. साहेब लोकांनी सभेत सांगितलं, देवाचंही पुनर्वसन करू. आणि केलंही. सडकेच्या कडेला फरशी लावलेला चबुतरा, वर टिनाचं छप्पर. हार-तुरे झाले. दसरूभाऊंनी उभं राहून विचारलं, "त्याले विचारलं काय?" मांडवात हशा पिकला.

यंदा आम्ही हिमालयात गेलो. कौसानीला सकाळी बर्फाची शिखरं लख्ख उघडली. लोक स्वेटर सावरत फोटो काढत होते. दसरूभाऊंनी कोणालाच काही विचारलं नाही. मनात म्हटलं, सुटलो. बघतो तर ते कठड्याच्या टोकाला, चपला काढून, हात जोडून उभे. ओठ हलत होते. जवळ गेलो. गोंडीत बोलत होते, शिखराशी.

"मोठ्या, आमचा म्हातारा घर सोडून गेला. रागावून गेला. चबुतऱ्यावर नाही बसला तो. मी किती ठिकाणी पाहिलं, कुठंच नाही. तुझ्याकडे आला असेल तर राहू दे त्याला. त्याला थंडीची सवय नाही."

धोतराच्या गाठीतून मोहाची सुकी फुलं काढून त्यांनी दगडावर ठेवली आणि वाट पाहत राहिले. शिखरावर ढग चढले, काही दिसेनासं झालं.

मग त्यांना मी दिसलो. "शकील, याच्याहून उंच कुठी हाय?"

"हाय, भाऊ. पण तिथी गाडी नाई जात."

"गाडी नाई जात?" त्यांचा चेहरा निवळला. "मंग तिथीच गेला असंल तो."