उठा, उठा!

फोलारिनने चहाचा कप ठेवला आणि टेबलावरच बोटं नाचवली. अबेओकुटा शहराच्या मोठ्या चर्चमध्ये वीस-एक वर्षं ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाला नवी रचना म्हणजे डाव्या हातचा मळ, असं त्याचं मत होतं. आजची तर नामवंत संगीतकार मोरेनिकेबाईंची रचना, सुरांच्या चढउतारातून शब्द बोलणाऱ्या बोलक्या ढोलाच्या चालीवर बांधलेली. बाई स्वतः ऐकायला येणार होत्या.

त्याची बायको अबेनी ढोलवाल्यांच्या घरातली. ती म्हणाली, "अहो, ही नुसती चाल नाही, वाक्य आहे. ढोल म्हणतो, 'उठा, स्तुती करा.' शेवटचा सूर वर गेला पाहिजे."

"अगं, वर काय? मी तो ऑर्गनच्या पायपट्टीवरून धाडकन खाली आणतो. भिंती हादरतील!"

"भिंतींचं जाऊ द्या. खाली आणलात की 'उठा, जेवायला बसा' होतं!"

"ऑर्गनला कुठे तोंड असतं?" फोलारिन हसला आणि कोट चढवून निघाला.

कापणीच्या सणाची प्रार्थना लांबली होती. अंगणात जोलोफ भाताची पातेली उघडली होती आणि वास थेट आत येत होता. फोलारिनने पहिलं वाक्य वाजवलं आणि सूर धाडकन खाली आणला. ऑर्गनवरच्या लहानशा आरशात त्याला पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोक्यावरचे कापडी फेटे सावरत उठताना दिसल्या.

'उभं राहून दाद देतायत!' त्याची छाती फुगली. त्याने दुप्पट जोरात वाजवलं. मागून बाकं सरकल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा तर त्याने सगळे मोठे नळे उघडले.

शेवटचा सूर विरला. फोलारिन डौलात उठला, वळला आणि कमरेत वाकला.

चर्च रिकामं होतं. बिशपसुद्धा गेले होते. मधल्या बाकावर एकट्या मोरेनिकेबाई बसल्या होत्या.

"बाई..." त्याला अबेनीचं बोलणं आठवलं. "माझ्या हातून वाक्यच बदललं."

"बदललंच की," बाई म्हणाल्या. "परदेशात माझ्या रचना ऐकून लोक टाळ्या वाजवतात आणि बसून राहतात. माझं म्हणणं ऐकून कुणी जागचं हललंय, असं आज पहिल्यांदाच झालं. असंच वाजवत जा."

"खरंच?"

"हो. पण ते 'जेवायला बसा' रचनेच्या शेवटी घ्या हो, सुरुवातीलाच नको. मलाही सपाटून भूक लागली होती. पण स्वतःच्याच रचनेतून उठून जाणार कशी?"