न गेलेला डाळिंबी

सिंचनाच्या गणवेशाचा रंग गेला नव्हता. एवढ्या गुन्ह्यासाठी तिला प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढलं.

बाकी सगळी शाळा फिकट गुलाबी उभी होती. मधोमध एकटी सिंचना, पक्की डाळिंबी.

त्याआधी.

हुबळीतली ही शाळा दरवर्षी गणवेश बदलते. मुलांना शिस्त लागावी म्हणून. गेल्या वर्षी हिरवा होता. त्यात शिस्त कमी पडली असावी, म्हणून यंदा डाळिंबी. गणवेश मिळतो शाळेच्याच तळमजल्यावर, हेडमिसच्या दिराच्या दुकानात. तिथे बिल मागणं असभ्य समजतात. सिंचनाची आई सुवर्णा खानावळीत भाकऱ्या थापते. किंमत ऐकून तिने तिथून फक्त खिशावरचा बिल्ला घेतला, दुर्गदबैलच्या बाजारातून तशाच रंगाचं कापड आणलं आणि खाजासाब टेलरकडून हुबेहूब गणवेश शिवून घेतला.

चूक एकच झाली. कापड चांगलं निघालं. दुकानातले गणवेश पहिल्याच धुण्यात गुलाबी झाले, सोबत घराघरांतले बनियनही.

त्यानंतर.

"कुठून घेतला हा?" हेडमिसने सुवर्णाला बोलावून विचारलं.

"इथूनच की, मिस. बिल्ला बघा ना."

"मग रंग कसा गेला नाही?"

"आम्ही गरीब माणसं. कमी धुतो."

"मग धुवा! गणवेश म्हणजे सगळे सारखे. शुक्रवारी शाळेचा फोटो आहे. तोवर हा इतरांसारखा करा, नाहीतर खालून नवीन घ्या. नाहीतर मुलगी फोटोत नको."

सुवर्णाने सोडा घातला. ब्लीचिंग पावडर घातली. गणवेश उकळला, दगडावर आपटला, पत्र्यावर तापवला. बादलीतलं पाणी स्वच्छच. रंग गेला तो तिच्या हातांचा.

"लग्नापासून कपड्यांचा रंग गेला म्हणून भांडतेस," तिचा नवरा महांतेश म्हणाला. "आता जात नाही म्हणून रडतेस. तुला नेमकं हवंय काय, ते एकदा सांग बाई."

"तुम्ही गप बसा आणि गाडी काढा."

शेवटी ती गणवेश घेऊन टेलरकडे गेली.

"चाचा, याचा रंग घालवून द्या."

खाजासाबांनी चष्मा काढला. "अव्वा, आजवर लोक उलटी तक्रार घेऊन यायचे."

"पोरीच्या शाळेचा प्रश्न आहे हो."

त्यांनी कापड उलटून पाहिलं. "आतली बाजू मुळातच फिकट आहे. सगळा उसवतो, उलटा शिवतो. पण माझं नाव कुठे घेऊ नका. धंदा बसेल."

गणवेश टेलरकडे, म्हणून गुरुवारी सिंचना घरी. शुक्रवारी ती झक्क फिकट गुलाबी होऊन आईसोबत शाळेत पोचली.

मैदानभर पोरं डाळिंबी.

झालं होतं असं, की एका मुलाचे वडील कर खात्यात साहेब निघाले. स्वतःची गुलाबी झालेली रेशमी लुंगी हातात घेऊन गुरुवारी ते दुकानात आले आणि अगदी शांतपणे त्यांनी बिल मागितलं. दुपारपर्यंत सगळ्यांना नवे गणवेश फुकट बदलून मिळाले.

"ही एकटी कशी राहिली?" हेडमिस ओरडली. "फुकट देतोय तरी घेत नाहीत! जा, खाली जाऊन बदला आधी."

हेडमिसच्या दिराने, विरुपाक्षण्णाने, नवा गणवेश पुढे सरकवला. सिंचनाने पडद्याआड कपडे बदलले. जुना हातात आल्यावर त्याने शिवण बघायला म्हणून तो उलटा केला.

आत पक्का डाळिंबी.

सुवर्णाने मनातल्या मनात हिशेब केला. आता नवा गणवेशही गेला, फोटोही गेला.

"हे काय? आतून नवाकोरा?"

"उन्हानं हो, अण्णा. बाहेरूनच गेला तेवढा. आतून तुमचं कापड कसं टिकलंय बघा!"

विरुपाक्षण्णाने कापड बोटांत चोळलं. पुन्हा चोळलं. त्याचा चेहरा उजळला. त्याने तो गणवेश तसाच, आतली बाजू बाहेर ठेवून, दुकानाच्या दारात टांगला.

"या, बघा! आमच्या मालाला लोक उगाच नावं ठेवतात!"

फोटोसाठी आलेले पालक येऊन कापड चाचपू लागले. सुवर्णानेही पुढे होऊन चाचपलं.

"खरंच मस्त आहे, अण्णा. कुठून आणता?"

"अक्का," विरुपाक्षण्णा समाधानाने हसला, "धंद्यातलं असं सांगत नसतात."